पदवीलाच गुन्हेगारीशास्त्र कशाला?

तळटीप : "गुन्हेगारीशास्त्र शिकून साधा रक्ताचा डाग तपासता येत नाही, मग ती पदवी काय कामाची?" असं एकाने ठोकून दिलंय, म्हणून हा प्रपंच. डाग तपासणं हे न्यायसहायक विज्ञान. तिथे रसायन आणि जीवशास्त्र लागतं. इथे प्रश्न असतो गुन्हे कुठे, केव्हा, का घडतात आणि शिक्षेने पुढे काय फरक पडतो याचा. सिद्धांत सगळे विद्यार्थी निभावतात, आपटतात संशोधनपद्धतीत.

फिरकी : १८७६ सालचा लोंब्रोसो, म्हणजे शरीराच्या ठेवणीवरून 'जन्मजात गुन्हेगार' ओळखू पाहणारा इटालियन डॉक्टर, आणि त्याची जबड्याची मापं घोकल्यावर आपटणारच. आधी समाजशास्त्र करा, गुन्हा एम.ए.ला बघा.

तळटीप : घोकायला नाही हो, तो कुठे फसला ते बघायला. त्याने मोजले ते पकडले गेलेले. पोलिसी आकडेवारीतही तीच गोम, नोंद झाली तेवढंच दिसतं.

मोजपट्टी : आकडेवारीचं निघालंच आहे तर, 'गुन्हे वाढले' असे मथळे देणाऱ्यांना आवरा कुणीतरी. तक्रार नोंदवणं सोपं झालं तरी नोंदी वाढतात. एकाच घटनेत दरोडा आणि खून असेल तर कित्येक मोजणीपद्धती फक्त खून धरतात. दरोडा गायब!

फिरकी : मग घरोघरी जाऊन 'तुमच्या बाबतीत कोणते गुन्हे घडले' विचारणारी तुमची लाडकी पीडित-सर्वेक्षणं? त्यांत खून येतच नाही, मेलेला उत्तर देणार कसा? शिवाय आठ महिन्यांपूर्वीची चोरी लोक बिनदिक्कत 'गेल्या सहा महिन्यांत' सांगतात.

मोजपट्टी : त्यावर तोडगा जुना आहे. त्याच घरी दर सहा महिन्यांनी जायचं, पहिल्या मुलाखतीचे आकडे धरायचे नाहीत. आधी सांगितलेली चोरी पुन्हा आली की वगळायची. अमेरिकेत कित्येक वर्षं हेच चालायचं. जरा वाचून बोला.

फिरकी : 'चालायचं'च. खर्च परवडेना म्हणून २००६ पासून पहिली मुलाखतही धरतात आणि फुगलेला आकडा गुणक लावून खाली आणतात. वाचलंय मी.

मोजपट्टी : बरं बाबा, जिंकलात. हार पाठवू?

वाटसरू : भांडण आवरा, प्रवेश घेणाऱ्याला उपयोगी पडेल असं काही सांगा. अभ्यासक्रमात सांख्यिकीचा भाग उघडून बघा. वस्तीनिहाय गुन्ह्यांच्या आकड्यांत शून्यं ढिगाने आणि मोजक्या ठिकाणी मोठे आकडे असतात. साधं रेषीय प्रतिगमन (आकड्यांवर सरळ रेषा बसवून अंदाज काढणं) लावलं की कुठेतरी 'उणे दोन घरफोड्या' असं उत्तर येतं. प्वासाँ आणि ऋण द्विपद ही अशा मोजणीच्या आकड्यांसाठीची, उणे उत्तर न देणारी प्रारूपं शिकवत नसतील तर तिथे जाऊ नका.

फिरकी : म्हणजे सांख्यिकीच शिका. मी वेगळं काय म्हणत होतो?

तळटीप : समाजशास्त्र म्हणत होतात. वर जाऊन वाचा.