अनुभव धागा: समारंभातली भिंतीकडची जागा

धागाकर्ती (श्रॉपशर, इंग्लंड)

एप्रिल-मे महिन्यांत इकडे पडक्या किल्ल्यांच्या आणि जुन्या मठांच्या भिंतींवर पिवळी, केशरी, विटकरी फुलं दिसतात. तीच वॉलफ्लॉवर. झाड मूळचं ग्रीसकडचं, पण इंग्लंडात कित्येक शतकं रुजलेलं. जुन्या बांधकामातला चुना सुटला की त्या फटीत बी पडतं आणि चिमूटभर मातीवर झुडूप तग धरतं. वास इतका गोड, की फूल दिसायच्या आधी नाकाला कळतं.

असं दिसणारं नि दरवळणारं फूल, आणि इंग्रजीत त्याचं नाव समारंभात कोपऱ्यात बसणाऱ्या लाजऱ्या माणसांना! 1820 साली विन्थ्रॉप मॅकवर्थ प्रेड या जेमतेम अठरा वर्षांच्या इंग्रज कवीने नाचाच्या समारंभावर कविता लिहिली, तीत हा शब्द माणसांसाठी आलेला सापडतो. माणसांसाठी म्हणजे मुलींसाठी, नाचाला जोडीदार न मिळालेल्या. तेव्हाची रीत अशी, की मुलीने आपण होऊन कुणाला नाचायला बोलवायचं नाही. कुणी बोलावलं आणि तिने नकार दिला, तर त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाबरोबरही नाचायचं नाही. पुरुष कमी पडले की उरलेल्या मुली भिंतीलगत, सोबतीला आलेल्या पोक्त बायकांच्या शेजारी. पुढे नाचाची कार्डं निघाली. कोणता नाच कुणाबरोबर ते त्यावर लिहायचं, दोरीला बारकी पेन्सिल, आणि ते मनगटाला अडकवायचं. कोरं कार्ड मनगटावर वागवत रात्रभर बसायचं म्हणजे काय होत असेल!

यात लाजरेपणा कुठे आला? त्या बिचाऱ्या केस बांधून, नटून नाचायलाच आल्या होत्या. विचारलं नाही दुसऱ्यांनी, आणि नाव पडलं यांना. मला हे खटकतं, म्हणून हा धागा. भिंतीकडे कधी बसलात? बसावं लागलं की आपण होऊन जाऊन बसलात? सविस्तर लिहा. 'लाजायचं काय त्यात' असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचा किस्सा सांगावा.

साष्टीची

मडगावजवळ मैत्रिणीच्या लग्नाचं रिसेप्शन. आमचं घर हिंदू, वॉल्ट्झ, म्हणजे तो जोडीचा नाच, फक्त लांबून पाहिलेला. केक झाला, टोस्ट झाला, नवरा-नवरीचा पहिला नाच झाला, मग बँडने जोड्यांसाठी सूर धरला. हॉलच्या कडेने खुर्च्या, त्यावर आम्ही पाच-सहा जणी. एकेकीला कुणीतरी येऊन घेऊन जाई आणि जाताना ती म्हणे, "पर्स सांभाळ गो." थोड्या वेळाने माझ्या मांडीवर पर्सांचा ढीग, एकीचे सँडल पायाशी, आणि बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. मी सगळ्यांच्या सामानाची राखणदार झाले होते. विचारलं असतं तर मी उठले असते, पाय तुडवले असते, पण उठले असते. हे कुणाला कळणार?

मग मसाला सुरू झाला. गोव्याबाहेरच्यांसाठी: एकापाठोपाठ एक कोंकणी गाणी, ठेका चढता. त्याला जोडीदार लागत नाही. नवरीची मावशी आली, सगळ्या पर्सा उचलून खुर्चीवर टाकल्या आणि म्हणाली, "उठ गो बाय, बसून कितें करता?" दोन मिनिटांत भिंत ओस. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: जोडीच्या नाचात भिंत भरते, घोळक्याच्या नाचात रिकामी होते. माणसं तीच असतात.

जर्सीकर

वरच्या मताला दुजोरा. मी न्यू जर्सीत वाढलो. शाळेचा डान्स जिममध्ये असायचा. दिवे मंद, बास्केटबॉलचे पट्टे तसेच जमिनीवर. एका भिंतीला मुलगे, समोरच्या भिंतीला मुली, मधे पंच (फळांचं सरबत) आणि कुकीजचं टेबल. संथ गाणं लागलं की दोन्ही भिंती आणखी घट्ट! इथे वॉलफ्लॉवर हा शब्द मुलग्यांनाही सर्रास लावतात, आणि खरं तर विचारायची जबाबदारी अंगावर असलेलाच जास्त चिकटतो भिंतीला. मी तर त्या टेबलापाशीच राहायचो, पंच प्यायचो. विचारायला जायचं तर मधली ती मोकळी जमीन सगळ्यांदेखत ओलांडायला लागायची, आणि नाही ऐकून परतही त्याच वाटेने यायचं.

आनंदीबाई

मला सगळे लाजाळू समजतात. मला! आयुष्यभर वर्गात चाळीस-पन्नास पोरांना गप्प केलंय मी. झालंय एवढंच, की ऐकायला कमी येतं. यंत्र लावते. पण लग्नाच्या हॉलमध्ये सनई, स्पीकर, ताटांचा खणखणाट, पोरांची पळापळ, हे सगळं त्या यंत्रातून एकदम अंगावर येतं आणि समोरचा काय बोलतो तेच नेमकं हरवतं. म्हणून मी भिंत शोधते. पाठीशी भिंत असली की मागून येणारा गोंगाट थांबतो, समोरच्याचे ओठही दिसतात. तिथे बसल्यावर माझ्याशी छान गप्पा होतात. पण भाचेसुना प्रेमाने येतात, "आत्या, अशा एकट्या कोपऱ्यात काय बसलात?" आणि हाताला धरून नेऊन बसवतात थेट स्पीकरखाली. मग मी नुसती हसत मान डोलावते, आणि त्या समाधानाने निघून जातात.

मठ्ठा_वाढपी

आमच्याकडे पंगती होत्या तोवर माझं बरं चाललं होतं. मी जन्माचा बुजरा. कार्य कुणाचंही असो, मी जाऊन मठ्ठ्याची बादली धरायचो. "मठ्ठा?" "घ्या थोडा." "वाटी पुढे करा." संपला संवाद, पुढचं पान. दोनशे माणसांशी बोलणं व्हायचं आणि कुणालाच वाटायचं नाही की हा बोलत नाही. उलट "पोरगं कामसू आहे" असं नाव! मीठ-लिंबू वाढणाऱ्याला एवढंही बोलावं लागत नाही, पण ते काम लहान पोरांचं. आता बुफे. वाढायला टोपीवाले कॅटरर्सचे लोक, आणि माझ्यासारख्याने हातात प्लेट धरून 'मिसळायचं'. कुठे मिसळायचं?

ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना हात जोडून विनंती: बुजऱ्याला बोलतं करू नका, काम द्या. अक्षता वाटू दे, अत्तर लावू दे.

हिंजवडी_बस

ऑफिस पार्टीत माझं काम फोटोचं. मागून घेतलेलं आहे मी ते. कॅमेरा हातात असला की डीजेपाशी कुणी ओढत नाही. तोटा एकच: इतक्या वर्षांच्या एकाही ग्रुप फोटोत मी नाही. नवीन मॅनेजरने परवा विचारलं, "तू गेल्या वर्षी जॉइन झालास का?"

कुंडीवाला (लीड्स)

माणसांबद्दल वर बरंच आलंय, मी झाडाबद्दल लिहितो. वॉलफ्लॉवर ही मोहरी-कोबीच्या कुळातली. चार पाकळ्या, फुलं गळली की मोहरीसारख्याच लांब सडपातळ शेंगा. त्यामुळे कोबीला होणारा मुळं सुजवणारा रोग हिलाही होतो, एकाच वाफ्यात दरवर्षी लावू नये. ऑक्टोबरात इकडच्या बाजारात रोपांच्या जुड्या मिळतात, मुळं उघडी. बघून वाटतं मेथीचीच जुडी घेतोय. ट्यूलिपचे कंद खाली, मधे ही रोपं, म्हणजे वसंतात दोन्ही एकदम.

आमच्या इथल्या दिवाळी कार्यक्रमात मी कायम प्लेटांच्या टेबलामागे असतो, ते ओघाने आलंच. (मठ्ठावाले, एकदा भेटू. बोललं नाही तरी चालेल.)

साष्टीची

@कुंडीवाला, गोव्यात लागेल का हो?

कुंडीवाला (लीड्स)

बागेत लावतात ती रोपं उन्हाळ्याच्या सुरुवातीला पेरायची, त्या वर्षी नुसती पानं, थंडी खाल्ली की पुढच्या वसंतात फुलं. तुमच्याकडे ती थंडी आणणार कुठून? आणि पावसात मुळं कुजतील. तिला कोरडी, निचऱ्याची जागा लागते, म्हणून तर भिंत.