टोंगळा, ढोपर, गुडघा: दुखतंय नेमकं काय?

कराडची_फिजिओ

मी मूळची कराडची, सध्या अकोल्याकडच्या एका तालुक्याच्या गावी दवाखान्यात आहे. पहिल्याच आठवड्यात एक आजी आल्या. "डाक्टरबाई, टोंगये लय दुखून राह्यले. निंदाले बसलं का उठनंच होत नाही." टोंगये म्हटल्यावर मला का कोण जाणे, टाचा वाटल्या. खाली वाकून टाच दाबायला लागले, तर आजींनी माझा हात उचलून स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर ठेवला. "हे! हे टोंगये!"

याआधी मुंबईत इंटर्नशिपला असताना उलटं झालं होतं. कोकणातल्या एका काकांनी फोनवर सांगितलं, ढोपर सुजलंय. आमच्या घरी ढोपर म्हणजे हाताचं. पंगतीत बसलं की आजी ओरडायची, "ढोपर मारू नको शेजारच्याला." मी कागदावर 'कोपर' लिहिलं आणि कोपराचा पट्टा काढून ठेवला. काका लंगडत आले.

तर प्रश्न असा, की एका सांध्याला इतकी नावं का? ढोपर हाताचं की पायाचं? आणि 'गुडघा' आला कुठून? संस्कृतात तर जानु आहे, त्याच्याशी याचा काही मेळ दिसत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, टोंगळाच तो. आमच्याकडं ळ चा य होते म्हणून तुम्हाले टोंगया ऐकू आला. डोळ्याचा डोया, तसा टोंगळ्याचा टोंगया. नाल्याले पाणी किती, तं टोंगयाभर. गुडघा समजते सगळ्याइले, पण थो पुस्तकातला. दुखते थो टोंगयाच.

फक्त लग्नाची घाई झालेल्या पोराले आमीबी 'गुडघ्याले बाशिंग' म्हंतो. तिथं टोंगया चालत नाही, मजा जाते.

देवगडकर

ढोपर पायाचंच! हाताचं ते कोपर. लहानपणी पडलो की आई आधी ढोपरं बघायची, मग चड्डी. आजी सकाळी उठताना म्हणायची, "ढोपरां धरली रे." तुमच्या काकांची बाजू शंभर टक्के बरोबर होती, पट्ट्याचे पैसे घेतले नाहीत ना?

गोव्याला मावशीकडे गेलो की आणखी तिसरंच: दिंबी. चर्चमध्ये लोक गुडघे टेकतात ते 'दिंबयेर'. सावंतवाडी ओलांडली की शब्द बदलला.

निवृत्त_संस्कृतवाले

जानु मराठीत मेलेला नाही, फक्त सोवळ्यात बसलाय. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. वैद्यांकडची जानुबस्ती, योगवर्गातलं जानुशीर्षासन हीही त्याचीच. त्याचे भाऊबंद मात्र लांबवर पसरलेत: फारसीत झानू, ग्रीकमध्ये गोनु, लॅटिनमध्ये गेनु, जर्मनमध्ये क्नी. इंग्रजी नीमधला मुका 'के' पूर्वी उच्चारला जायचा. पाणिनीने तर समासात जानुचा 'ज्ञु' करायला एक सूत्रच दिलंय. चालताना ज्याचे गुडघे एकमेकांवर आपटतात तो संज्ञु. फिजिओताईंना रोज भेटत असणार.

आता गुडघा. अमरकोशात पायाच्या घोट्याला दोन शब्द आहेत, घुटिका आणि गुल्फ. ही घुटिका लक्षात ठेवा. मराठीत घोटा अजून घोट्यावरच आहे. गुजरातीत घूंटी म्हणजे घोटा, पण घूंटण म्हणजे गुडघा. हिंदीत घुटना थेट गुडघ्यावर. म्हणजे शब्द नडगी चढून वर गेलाय! आपला गुडघा याच गोतावळ्यातला, अक्षरांची अदलाबदल होऊन बनलेला, असं माझं मत. घु-ट आणि गु-ड-घ शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून बघा.

ढोपराबद्दल एवढंच. कोपर आला कूर्परवरून, आणि कोशांत कूर्परचा मुख्य अर्थ कोपर असला तरी दुसरा अर्थ गुडघा दिलेला आहे. तेव्हा ताईंच्या आजीला एकटीला दोष देऊ नका, हा घोळ जुना आहे.

बेळगावी_कुंदा

सर, यात घोळ कसला? आमच्याकडं कन्नडमध्ये गुडघा मोणकालु आणि कोपर मोणकै. काल म्हणजे पाय, कै म्हणजे हात, पुढचा मोण तोच. तमिळमध्येसुद्धा मुळंगाल आणि मुळंगै, तेलुगूत मोकालु आणि मोचेयि. दोन्हीकडं वाकतंय ना, मग नाव एकच. आमच्या घरात मराठी-कन्नड दोन्ही चालतंय, तिथं माझी बायको 'मोण लागलं' एवढंच म्हणते आणि मी आधी हात बघतो, मग पाय.

कराडची_फिजिओ

सर, संज्ञु मी वहीत लिहून घेतला. आता कुणी अशी चाल घेऊन आलं की मनात हाच शब्द येणार. शब्द नडगी चढला हे तर भारीच, आमच्याकडं दुखणंही तसंच चढतं. घोटा मुरगळला म्हणून महिनाभर लंगडतात आणि मग गुडघा घेऊन येतात.

देवगडकर, पट्ट्याचे पैसे घेतले नव्हते. उलट काकांनी जाताना कोकमं दिली.

एक मात्र माझ्याकडूनही. वाटी हा शब्द मला फार आवडतो. गुडघ्याच्या त्या हाडाला पाठ्यपुस्तकात पटेला म्हणतात, आणि लॅटिनमध्ये पटेला म्हणजे छोटी थाळीच. आपल्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी स्वयंपाकघरातलंच भांडं उचललं.

परवा त्या आजी परत आल्या. मी तयारीत होते. ळ चा य करून विचारलं, "आजी, टोंगये कसे आहेत?"

"थे जाऊ द्या बाप्पा," म्हणाल्या, "आता कोपर धरलं."

तरी मी म्हटलं, हात ठेवून दाखवा.

वऱ्हाडी_ठेचा

मंग? कुठी ठेवला?

कराडची_फिजिओ

कोपरावरच. शब्द बरोबर होता, पण सांगायचं राहिलं होतं की ते दुसरंच कोपर, सुनेचं. ती बाहेर उभी होती.