मदत हवी आहे: मांसाहारी स्लगचं कुळ नेमकं कोणतं? (दिवाळी अंकाचा लेख अडलाय)

खतपेटी:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मुक्काम कार्डिफ, वेल्स. घरामागे लहानसा वाफा आहे: बटाटे, मेथी आणि दरवर्षी रुसणारी कोथिंबीर. मागच्या आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर रात्री खताच्या पेटीखालची फरशी उचलली, तर खाली एक पिवळट स्लग (म्हणजे पाठीवर शंखाचं घर नसलेली गोगलगाय) गांडूळ खात होती. खात म्हणजे शेवई ओढावी तसं. अर्धं गांडूळ आत, उरलेलं बाहेर वळवळतंय. गोगलगाय अन् पोटात पाय ऐकून होतो. हिच्या पोटात गांडूळही निघालं.

मुलगी ओरडली, "बाबा, घोस्ट स्लग!" तिची चूक नाही. ती भुताळी स्लग म्हणजे आमच्या गावची सेलिब्रिटी आहे. पांढरीफटक, डोळे नाहीत, रात्री बाहेर पडून गांडुळं मारते. इथल्या बागांत सापडली आणि २००८ साली रोसन आणि सिमंडसन यांनी तिचं सेलेनोक्लॅमिस इस्ब्रिडा असं बारसं केलं. वेल्श भाषेतल्या 'भूत' या शब्दावरून ते नाव आलंय.

पण आमच्या पाहुणीच्या शेपटीच्या टोकावर नखाएवढा चपटा शंख होता. भुताळीला असा बाहेर दिसणारा शंख नसतो. शोधल्यावर कळलं की ही टेस्टासेला. इथपर्यंत ठीक.

अडचण पुढे आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यावर लेख लिहिलाय आणि हौसेने वंशवृक्षाचा तक्ताही काढलाय. बुंध्यावर 'मांसाहारी स्लग', त्याला चार फांद्या: टेस्टासेला, भुताळी, दक्षिण आफ्रिकेतली क्लॅमिडेफोरस आणि आशियातली राथूइसिया. आधार एका फार जुन्या इंग्रजी पुस्तकाचा. त्यात जबडा नसलेल्या गोगलगाईंचा 'ॲग्नाथा' असा एकच गट दिलाय. नव्या याद्या उघडल्या तर चौघी चार दिशांना! शिवाय एकीत टेस्टासेलाच्या अधिकुलात (कुळाच्या वरची पायरी) तीन कुळं, दुसरीत ती एकटीच. कोणतं धरू? आणि सगळ्या दिसतात सारख्या, खातात तसंच, मग कुळं वेगळी का? पान छपाईला सोडायला चार दिवस आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाफसा:

फोटो कुठाय? फोटोशिवाय धागा म्हणजे फोडणीशिवाय आमटी.

खतपेटी:

फोटोत फक्त माझा अंगठा आणि ओली फरशी आलीय. टॉर्च मुलीच्या हातात होता.

सोयाबीन_आणि_मी:

साहेब, २०२२ ला शंखी गोगलगायीनं आमच्या लातूर भागात सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. दुबार पेरणी करावी लागली. तुमची ही मांसाहारी बाई इकडं पाठवता का? ट्रान्सपोर्टचं मी बघतो.

शंखशिंपले:

सोयाबीनराव, तुमच्याकडे येतोच. आधी धागाकर्त्यांचं.

तक्ता फाडा. प्रेमाने सांगतोय.

महाराष्ट्रात गावोगाव कुलकर्णी आहेत. सगळे एकमेकांचे भाऊबंद आहेत का? नाहीत. गावाचं दप्तर ज्याच्याकडे आलं तो कुलकर्णी झाला. आडनाव कामावरून पडलं, रक्तावरून नाही. 'मांसाहारी स्लग' हे असंच कामाचं आडनाव आहे, आणि तेही दुहेरी. शंख टाकून देणं हे एक काम, पानं सोडून मांस खाणं हे दुसरं. जमिनीवरच्या गोगलगाईंच्या इतिहासात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या घराण्यांत, एकमेकांचा संबंध नसताना, पुन्हा पुन्हा घडल्यात. दोन्ही एकाच प्राण्यात जुळून आल्या की तयार होते तुमच्या फरशीखालची बाई.

तुमच्या जुन्या पुस्तकाचा घोळ तोंडामुळे झाला. पानं खाणाऱ्या गोगलगाईच्या तोंडात वर एक कडक जबडा असतो, पान त्याच्यावर दाबून कापायचं. जीभ म्हणजे हजारो बारीक दातांची किसणी. गांडूळ धरून आत ओढणारीला जबड्याचा उपयोग नाही, तिला हवेत लांब, टोकदार, मागे वळलेले दात. त्यामुळे जी जी मांसाकडे वळली, तिचा जबडा गेला किंवा नावापुरता उरला आणि दात सुऱ्यांसारखे झाले. जुन्या अभ्यासकांनी तोंड उघडून पाहिलं, सगळीकडे तेच दिसलं, आणि एक गट करून टाकला. म्हणजे वर्गीकरण झालं जेवणाचं.

पुढे आतली रचना बारकाईने पाहिली गेली, विशेषतः जननेंद्रियं (एकाच प्राण्यात नर-मादी दोन्ही, त्यामुळे तिथे पाहण्यासारखं बरंच), आणि गट फुटत गेला. २००१ साली वेड, मॉर्डन आणि क्लार्क यांनी डीएनएवरून जमिनीवरच्या गोगलगाईंचं झाड मांडलं, त्यात मांसाहारी मंडळी एका फांदीवर आली नाहीत.

आता तुमच्या चौघी. टेस्टासेला तिच्या स्वतःच्या कुळात, टेस्टासेलिडी. भुताळी ट्रायगोनोक्लॅमिडिडी या कुळात. हे घराणं मूळचं कॉकेशसच्या आसपासचं. भुताळीची नोंद नंतर क्रिमियातूनही झाली, तेव्हा वेल्श नाव असलं तरी ती वेल्सला आलेली परकीच. क्लॅमिडेफोरसचे नातलग दक्षिण गोलार्धातले: ऱ्हायटिडिडी, म्हणजे न्यूझीलंडच्या गांडुळं खाणाऱ्या थोरल्या पॉवेलिफँटा गोगलगाईंचं कुळ. चौथी तर या तिघींच्या गणातलीसुद्धा (गण म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट) नाही. तिच्यावर वेगळं लिहितो, आता जेवायला बोलावलंय.

वाफसा:

+१. कुलकर्णी आवडले. (मी नाही कुलकर्णी.)

खतपेटी:

फाडला. पण टेस्टासेला आणि भुताळी तरी जवळच्या असतील ना? दोघींचं श्वसनरंध्र आणि प्रावार (पाठीवरची मांसल झूल) शेपटीकडे सरकलेले. बाकी स्लगांचा प्रावार डोक्यामागे खोगिरासारखा असतो. इतकी विचित्र ठेवण दोनदा कशी होईल?

शंखशिंपले:

झाली खरी. डोकं खाली गांडुळाच्या बिळात, तोंडात गांडूळ. श्वासाचं भोक मागे असलेलं बरं, हे त्यावर दिलं जाणारं कारण. एकसारखं काम, म्हणून एकसारखी ठेवण.

आणि गंमत ऐका. भुताळीच्या कुळाला पार्मासेलॉइडिया या अधिकुलात ठेवतात. त्याच अधिकुलात मिलॅसिडी कूळ आहे, पाठीवर उभी कड असलेल्या स्लगांचं. त्यातली टांडोनिया बुडापेस्टेन्सिस ब्रिटनमध्ये बटाट्याची नामांकित शत्रू. तुमच्या वाफ्यात बटाट्याला भोकं पाडणारी काळपट, पाठीवर फिकट रेघ असलेली स्लग असेल तर तीच बहुतेक. म्हणजे भुताळीची जवळची नातलग बटाटे खाणारी शाकाहारी, आणि शेजारी गांडूळ ओढणारी टेस्टासेला मात्र परक्या घरची.

याद्यांचं म्हणाल तर बुशे आणि रोक्रोआ यांच्या २००५ च्या यादीत टेस्टासेलिडीबरोबर ओलिअसिनिडी आणि स्पायरॅक्सिडी एका अधिकुलात होती. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत ती दोन्ही ओलिअसिनॉइडियात गेली आणि टेस्टासेलॉइडियात टेस्टासेलिडी एकटं उरलं. तुम्ही २०१७ ची धरा आणि चित्राखाली साल लिहा.

नावांत गोंधळ होत असेल तर शेपूट बघा: 'इडी' असेल तर कूळ, 'ऑइडिया' असेल तर अधिकुल. एका अक्षराने माणूस पायरी चुकतो.

पुणेरी_पाऊस:

आमच्या सोसायटीत पावसाळ्यात भिंतीवर चपट्या, चामड्यासारख्या तपकिरी स्लग चढतात, पाठीवर मधोमध फिकट रेघ. पोरं मीठ टाकतात, मी ओरडते. त्या पण मांसाहारी का? तसं असेल तर ओरडणं थांबवू का ते ठरवते.

शंखशिंपले:

ताई, ओरडत राहा. वर्णनावरून ती लेव्हिकॉलिस अल्टे. शुद्ध शाकाहारी, झेंडूची रोपं खाते म्हणून माळी वैतागतात, एवढंच. मूळची आफ्रिकेची, आता आपल्याकडे सगळीकडे.

बरं झालं विचारलंत, कारण खतपेटींची चौथी फांदी इथेच येते. नेहमीच्या गोगलगाईच्या शिंगाला हळूच बोट लावा: पायमोजा उलटा करावा तसं शिंग आत वळत जातं. भिंतीवरच्या हिच्या शिंगाला लावा: ते नुसतं आखडतं, उलटं होत नाही. पहिल्या स्टायलोमॅटोफोरा, या दुसऱ्या सिस्टेलोमॅटोफोरा. राथूइसिया आणि तिची बहीण ॲटोपॉस या दुसऱ्या गणातल्या, आणि इतर गोगलगाई खाऊन जगतात. कार्डिफच्या टेस्टासेलापेक्षा त्या पुण्याच्या भिंतीवरच्या शाकाहारी बाईच्या कितीतरी जवळच्या.

पुणेरी_पाऊस:

आज संध्याकाळी शिंगाला बोट लावून बघते. मिठाची पुडी जप्त केलीय.

सोयाबीन_आणि_मी:

माझं राहिलं.

शंखशिंपले:

नाही राहिलं. टेस्टासेला तुमच्या कामाची नाही. ती गांडुळं खाईल, म्हणजे रानाचं उलट नुकसान.

तुमच्यासारखाच विचार पूर्वी सरकारांनी केलाय. तुमची शंखी गोगलगाय, जुनं नाव अकॅटिना फुलिका, हवाईत माजली तेव्हा तिला खायला १९५५ साली अमेरिकेतून युग्लँडिना रोझिया ही शिकारी गोगलगाय आणून सोडली. वरच्या स्पायरॅक्सिडीतलीच ही. शंखी काही संपली नाही. स्थानिक गोगलगाई मात्र संपत आल्या. ताहितीशेजारच्या मूरिआ बेटावर १९७७ मध्ये हाच प्रयोग झाला, आणि तिथल्या रानातल्या पार्ट्युला गोगलगाई काही वर्षांत नाहीशा झाल्या. काही जाती फक्त प्राणिसंग्रहालयांत जपल्या म्हणून वाचल्या. तेव्हा ट्रान्सपोर्ट राहू द्या. संध्याकाळी ओली गोणपाटं टाका, सकाळी खाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात बुडवा. कष्टाचं आहे, पण खात्रीचं.

(पुणेरी ताईंनी हा परिच्छेद वाचू नये.)

एक खडा अजून टाकतो. डीएनएच्या झाडावर तुमच्या शाकाहारी शंखीच्या फांदीवरच स्ट्रेप्टॅक्सिडी हे पक्कं मांसाहारी कूळ बसतं. त्यांना शंख असतो, म्हणून ती स्लग नव्हेत. या कुळाची माणसं आपल्याकडेही आहेत. सह्याद्रीत हॅप्लोप्टिकियस सापडते. आणि जेमतेम पाऊण सेंटिमीटरची, तांदळाच्या लांबट दाण्यासारखी हटोनेला बायकलर कुंडीतल्या मातीतही निघते, तिचं अंग पिवळं-नारिंगी असतं. तिला १८३४ साली हटन यांनी भारतातूनच नाव दिलं, तेव्हा तिचा वंश (नावातला पहिला शब्द) 'प्युपा' होता. मग एनिआ, मग गुलेला, मग हटोनेला. म्हणून तिच्या नावापुढे 'हटन, १८३४' कंसात लिहितात: वंश बदलला की मूळ नामकर्ता कंसात जातो. द्रापार्नो यांनी १८०१ मध्ये नाव दिलेली टेस्टासेला हॅलिओटिडिया अजून त्याच वंशात आहे, तिथे कंस नाही. खतपेटी, तुमच्या लेखात हे कंस कुणीतरी 'सुंदर दिसतात' म्हणून सगळीकडे टाकेल. लक्ष ठेवा.

शुद्धलेखनाचा_चष्मा:

विषयातलं काही कळत नाही, पण एकाच धाग्यात 'कुल', 'कुळ' आणि 'कूळ' वाचून राहवलं नाही. मराठी विश्वकोशात फॅमिलीला 'कुल' आहे. 'कूळ' लिहिलंत तर लोकांना कुळकायदा आठवेल. काहीही लिहा, पण अंकात एकच ठेवा.

खतपेटी:

सर्वांचे मनापासून आभार. लेखात 'कुल' करतोय.

काल रात्री पुन्हा फरशी उचलली. या वेळी टॉर्च माझ्या हातात. शंखाकडून डोक्याकडे अंगावर दोन चर निघतात, ते कुठे सुरू होतात हे बघायला हवं होतं. हॅलिओटिडियात ते वेगवेगळे निघतात, स्क्युट्युलममध्ये शंखाच्या पुढ्यात एक होऊन मग फुटतात. आमच्या बाईचे एक झालेले दिसले, अंगावर बारीक तपकिरी ठिपकेही आहेत. म्हणजे टेस्टासेला स्क्युट्युलम. बरोबर ना?

शंखशिंपले:

दोन्ही खुणा जुळतायत. लिहून टाका. फक्त 'शक्यता जास्त' असा शब्द ठेवा. पक्कं करायला चिरून आत बघावं लागतं आणि मुलीसमोर ते नको.

खतपेटी:

तिने आधीच बजावलंय. नवा तक्ता तीच काढतेय. चार फांद्यांचा बुंधा गेला, आता चार कोपऱ्यांत चार घरं आहेत. भुताळीच्या घरात बटाटेखाऊ टांडोनियाचं चित्र काढून खाली लिहिलंय, 'भुताची चुलत बहीण'. संपादकबाईंना चालतंय का ते उद्या कळेल.