मदत हवी आहे: मुलींच्या कॉयरसाठी दोन ओळींची गाणी

गिरगावातल्या एका मराठी शाळेत संगीत शिकवते. पाचवी ते सातवीच्या बावीस मुली, पेटी, तबला आणि एक जुना कॅसिओ. डिसेंबरच्या गॅदरिंगला नेहमीचं समूहगीत नको, सुरांच्या दोन वेगळ्या ओळी एकदम गाऊ, असं मीच कबूल करून बसलेय.

शोधताना होल्स्टची ऋग्वेदातली सूक्तं सापडली. हा इंग्रज संगीतकार संस्कृत शिकला आणि सूक्तांचं भाषांतर त्यानं स्वतःच केलं. लंडनला मुलींच्या शाळेत शिकवायचा, म्हणजे आपल्यातलाच. १९१० चा तिसरा गट फक्त स्त्रियांचे आवाज आणि हार्पसाठी आहे, त्यात पहिलंच उषेवर. ऐकून काटा आला. पण आवाज चार भागांत! आमच्या दोनच टिकेनात.

मागची रांग खालची ओळ धरते आणि दुसऱ्या आवर्तनात हळूच वरच्या ओळीला जाऊन मिळते. सहावीतली एकटी कानात बोट घालून गाते, ती तेवढी टिकते. मुलींचा काय दोष? बालवाडीपासून ‘एका सुरात गा’ हेच शिकवलंय आपण.

फारसं कोणी न गाणारं, कोवळ्या आवाजांचं काही सुचवा. पट्टी काळी एक, तार गंधाराच्या वर नको. ‘जिंगल बेल्स’ कृपया नको.

प्रतिसाद १:
ताई, बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचं ‘फ्रायडे आफ्टरनून्स’ बघा. त्याचा भाऊ वेल्समधल्या एका शाळेत मुख्याध्यापक होता, तिथल्या मुलांसाठी १९३३-३५ मध्ये लिहिलेली बारा गाणी. शेवटचं कॅनन आहे: ओळ सगळ्यांची एकच, सुरुवात मागेपुढे. हंगेरियन संगीतकार बार्टोकची १९३५ ची सत्तावीस गाणीही दोन-तीन आवाजांचीच, पण हंगेरियन शब्द डिसेंबरपर्यंत जिभेवर बसायचे नाहीत.

आधी भूप रागातली एक ओळ घ्या. मागची रांग अर्धं आवर्तन उशिरा सोडा. म आणि नी नसल्यानं सूर एकमेकांवर पडले तरी खटकत नाहीत. आणि दोन्ही रांगा चिकटून उभ्या करू नका हो!

धागाकर्ती:
आज मधल्या सुट्टीत करून पाहिलं. अर्ध्या मुली हॉलमध्ये, अर्ध्या जिन्यावर. तीन आवर्तनं टिकल्या. चौथ्यात तबल्याचे सरच समेवर चुकले.