मदत हवी आहे : इन्फ्लूएन्झा आणि लशींवरील संशोधनाची वाट

नमस्कार. माझी भाची बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करीत असून, पुढे तिला इन्फ्लूएन्झाचा (म्हणजेच फ्लूचा) विषाणू आणि त्यावरील लशी यांवरच काम करायचे आहे. या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिने सतत बदलत राहतात, म्हणून लशीत कोणते प्रकार घ्यावेत हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, सुचवते. पुढे तो विषाणू बहुधा कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवला जातो. हे सारे ती ताटातले ऑम्लेट गार होईपर्यंत आम्हाला समजावून सांगते.

घरच्यांचा आग्रह मात्र नोकरीचा आहे, आणि तो अगदीच गैर म्हणता येत नाही, कारण २०१० मध्ये स्वाइन फ्लूची पहिली भारतीय लस जवळच्या अहमदाबादच्या कंपनीनेच आणली. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे : नेट-जेआरएफ (राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळवून थेट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत पीएच.डी.साठी प्रयत्न करावा, की आधी लसनिर्मितीत गुणवत्ता नियंत्रणाचा अनुभव घ्यावा? कंपनीतून पुन्हा संशोधनाकडे वळलेले कोणी असल्यास त्यांचे मत विशेष मोलाचे ठरेल.