स्ट्रेच मार्क्स: लाल आणि पांढऱ्या रेषांना एकच लेझर?

दादरकरीण: डिलिव्हरीला दीड वर्ष झालं. पोटावरच्या रेषा पांढऱ्या पडल्यात, मांड्यांवरच्या काही अजून लालसर आहेत. रंग सावळा. क्लिनिकने सगळीकडे फ्रॅक्शनल सीओटू लेझरच्या 6 सिटिंग्ज सांगितल्यात. एकच मशीन दोन्हीला चालतं? काळे डाग पडतात म्हणे.

त्वचापारखी: सरसकट एकच मशीन ही पॅकेजवाल्यांची सोय. लालसर रेषांत रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे 585 ते 595 नॅनोमीटरचं पल्स्ड डाय लेझर तिथे कामाला येतं. ते हिमोग्लोबिनला, म्हणजे रक्तातल्या लाल रंगाला धरतं. पण मेलॅनिनलाही, म्हणजे कातडीच्या रंगद्रव्यालाही धरतं, म्हणून सावळ्या कातडीवर ऊर्जा बेतानेच हवी. पांढऱ्या रेषेत धरायला लाल काही उरलेलंच नसतं. तिथे नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन तयार करायचं, म्हणून फ्रॅक्शनल, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी मारा करणारं लेझर: 1550 नॅनोमीटरचं वरची कातडी शाबूत ठेवतं, सीओटू बारीक भोकं पाडतं. खोलगटपणा कमी होतो. रेष पुसली जात नाही, आणि रंग आजूबाजूशी पूर्ण जुळेल ही आशा नको.

जुईनगर: डागांचं मूळ बहुतेक वेळा डेन्सिटीत. भोकं फार दाट पाडली की मधली कातडी तापते आणि भरून येताना काळी पडते. म्हणून कमी डेन्सिटी, दोन सिटिंग्जमध्ये किमान 4 ते 6 आठवडे. आधी बोटभर जागेवर टेस्ट पॅच मागा आणि महिनाभर थांबा, डाग दोन-तीन आठवड्यांनीही उमटतो.

बधिर करायचं क्रीम घरून पोटभर, मांडीभर थापून प्लास्टिक गुंडाळून जाऊ नका. एवढ्या जागेतून त्यातलं लिडोकेन हे बधिर करणारं औषध रक्तात जास्त उतरतं. ओठ बधिर झाले, कानात आवाज आला, चक्कर आली तर लगेच पुसा आणि डॉक्टरांना सांगा. किती क्रीम, किती जागेवर, हे त्यांनीच ठरवायचं.

त्वचापारखी: आणि खपल्या! सीओटूनंतर आठवडाभर तरी राहतात, पोटावर चेहऱ्यापेक्षा जास्त. परकराची नाडी किंवा जीन्सचा पट्टा नेमका तिथेच घासतो. सैल सुती कपडे, पेट्रोलियम जेली, खपली नखाने काढायची नाही. मे महिन्यात लोकलच्या गर्दीत घामाने चिडचिड होते, डिसेंबर-जानेवारी बरा.

दादरकरीण: दुसऱ्या बाळाचा विचार आहे, दोनेक वर्षांत.

जुईनगर: मग पोटाचं आत्ता करूच नका. कातडी परत ताणली की पैसे पाण्यात. मांड्यांवरच्या लालसर रेषा मात्र पांढऱ्या व्हायच्या आत दाखवून घ्या.