हरलेल्या जपान्यांना अमेरिकन सैनिक आवडू कसे लागले?

प्रश्न: १९४५च्या मार्चमध्ये टोकियो जाळलं, ऑगस्टमध्ये दोन अणुबाँब. आणि काही महिन्यांत पोरं जीपमागे ‘गिबु मी चोकोरेतो’ (गिव्ह मी चॉकलेट) ओरडत धावतायत! हे माझ्या डोक्यात काही केल्या बसत नाही. राग गेला कुठे?

उत्तर १: पोटात भूक होती हो, राग कुठे ठेवणार? शिवाय बराचसा राग स्वतःच्याच लष्करावर निघाला. सप्टेंबरमधला तो फोटो बघा. जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकन सैन्याचा प्रमुख मॅकआर्थर बिनटायचा, खाकीत, हात कमरेवर. शेजारी सम्राट हिरोहितो पूर्ण औपचारिक पोशाखात, ताठ, त्याच्यापेक्षा बराच बुटका. जपानी सरकारने तो छापणं दडपायला बघितलं, अमेरिकनांनी छापायला लावला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं, तिथल्यांचं काय झालं असेल!

उत्तर २: ‘आवडू लागले’ हे जरा जपून. अमेरिकनांवरची टीका छापायला त्यांचाच सेन्सॉर होता, आणि सेन्सॉर आहे हे छापायचीही बंदी. मॅकआर्थरला पत्रं मात्र लाखोंनी गेली. पण १९५१मध्ये तो सिनेटपुढे म्हणाला की जपानी म्हणजे बारा वर्षांच्या मुलासारखे. झालं, प्रेम आटलं.

प्रश्नकर्ता: हे बारा वर्षांचं माहीत नव्हतं. भारीच लागलं असणार.

उत्तर ३: ओकिनावाला, जपानच्या दक्षिणेकडच्या त्या बेटाला, विचारा की. बाकी जपान १९५२ला अमेरिकन ताब्यातून सुटला, ते १९७२पर्यंत अमेरिकेकडेच. तळ तर अजून तिथेच आहेत.